मावा, माशी आणि पंप

2002 सालच्या जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांमागे कापूस पिंजून चिकटवावा तसा पांढरा थर दिसू लागला, आणि बघता बघता ‘लोकरी मावा’ हे नाव पश्चिम महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात घरोघर झालं. शास्त्राला ही कीड नवी नव्हती. जावा बेटावर उसाच्या किडींचा अभ्यास करणाऱ्या झेंटनर या संशोधकानं तिचं वर्णन 1897 मध्येच करून ठेवलं होतं. भारतातही आसाम, नागालँड, पश्चिम बंगाल या बाजूला ती आधीपासून होती. दख्खनच्या उसावर मात्र ती अशी कधी पसरली नव्हती. इथं तिला हवं ते सगळं एकाच ठिकाणी मिळालं: ढगाळ, दमट पावसाळा आणि एकाला एक लागून मैलोगणती ऊस. कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, भुदरगड तालुक्याचं ठाणं असलेल्या गारगोटीपासून वेदगंगेच्या काठानं बिद्रीच्या कारखान्याकडे उतरत गेलं की हे ‘लागून’ म्हणजे काय ते कळतं. एकाचं रान संपतं तिथं दुसऱ्याची सरी सुरू होते. इथं लागण, शेजारी खोडवा, पलीकडे निडवा. एका रानातून दुसऱ्या रानात जायला माव्याला वारा पुरतो, आणि वारा पडला असेल तर जनावरांसाठी या गावातून त्या गावात जाणारी वाढ्यांची पेंडी पुरते.

हा मावा नराशिवाय वाढतो. मादी अंडी न घालता थेट पिल्लं देते, आणि ती पिल्लंही थोड्याच दिवसांत पिल्लं द्यायला लागतात. पानाच्या मागच्या अंगाला, मधल्या शिरेलगत सोंड खुपसून रस पीत बसलेली ही वसाहत अंगातून मेणाचे पांढरे तंतू सोडते. औषधाचा थेंब या मेणावरून घसरतो. प्यायलेल्या रसातली जादा साखर चिकट थेंबांच्या रूपानं खालच्या पानांवर गळते, तिच्यावर काळी बुरशी धरते आणि पान काळं पडून अन्न तयार करणं थांबवतं. शिवाय ही वसाहत दिसते तितकी गरीब नाही. धोका जाणवला की मोठा मावा पोटाच्या टोकाकडून एक थेंब सोडतो आणि त्या वासानं काही पिल्लं चक्क हल्ल्याला उठतात. डोक्यावरच्या बारीक शिंगांनी ती आलेल्या शत्रूला टोचतात. आता अशा किडीवर पाठीवरचा पंप घेऊन फवारायचं म्हणजे काय, याचा विचार करावा. ऊस सात-आठ महिन्यांचा, माणसापेक्षा उंच, पावसानं लोळलेला. आत शिरायला वाट नाही. कीड पानाच्या खालच्या बाजूला, वर मेणाचं पांघरूण. ज्यांनी खर्च करून फवारलं त्यांच्या रानात काठाचा ऊस तेवढा ओला झाला आणि मधला मावा पुन्हा बाहेर आला, यात नवल नव्हतं.

पुढच्या काही वर्षांत मावा ओसरला. तो संपला नाही, अधूनमधून अजूनही दिसतो, पण साथ म्हणावी असं त्याचं रूप गेलं. त्या काळात शास्त्रज्ञांनी तीन मित्रकीटकांवर भर दिला होता. एक डिफा नावाच्या पतंगाची अळी, जिला आपल्याकडे बरेच दिवस कोनोबाथ्रा म्हणत. ती माव्याच्या वसाहतीत जाळं विणून आतल्या आत त्याला खात सुटते. दुसरा मायक्रोमस नावाचा भक्षक कीटक. आणि तिसरी एन्कार्शिया फ्लॅवोस्क्युटेलम, जेमतेम मिलिमीटरभराची परोपजीवी गांधीलमाशी. ती ईशान्य भारतातून, म्हणजे मावा जिथं पूर्वीपासून नांदत होता तिथून आणून महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या उसात सोडली गेली. जैविक कीडनियंत्रणाची बेंगळुरूची केंद्रीय संस्था, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, कृषी विद्यापीठं आणि साखर कारखाने यात होते. माशी इथं रुजली आणि पुढच्या हंगामांतही उसात सापडत राहिली. या सगळ्या प्रकरणातून शिकण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती आपण अर्धीच शिकलो, असं माझं म्हणणं आहे. मित्रकीटक उपयोगी असतात हे आपण मान्य केलं. ते कशामुळे उपयोगी पडतात, हे मात्र नीट पाहिलं नाही. त्यामुळे त्यांना औषधासारखं बाजारातून आणायला आपण शिकलो आणि रानात आधीपासून असलेल्यांना पंपानं मारणंही चालू ठेवलं. या माश्यांचं जीवशास्त्र पाहिलं तर दुसरी गोष्ट थांबवल्याशिवाय पहिलीवरचा पैसा बहुतांशी वाया जातो, हे दिसतं.

एन्कार्शिया ज्या घराण्यातली, त्याला शास्त्रात अ‍ॅफेलिनिडी म्हणतात. जगात या घराण्याच्या हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या चारशेच्या वर एकट्या एन्कार्शिया या प्रजातीतल्या. भारतातल्या जातींची बैजवार मांडणी अलीगढ मुस्लीम विद्यापीठाच्या मोहम्मद हयात यांनी केली. 1998 चा त्यांचा ग्रंथ आजही या घराण्याचा आधार मानला जातो. गांधीलमाशी म्हटलं की आपल्याला वळचणीचं पोळं आणि गालावरची सूज आठवते, पण या घराण्याचा त्याच्याशी संबंध केवळ दूरच्या भाऊबंदकीचा. ह्या माश्या पोळं करत नाहीत, कळप करत नाहीत, आणि माणसाला टोचणं त्यांना शक्यच नाही. अर्धा ते दीड मिलिमीटर लांबी, पिवळसर किंवा काळपट अंग, पंखांत शिरा जवळपास नाहीतच आणि कडेला केसांची झालर. पांढरी माशी, मावा, खवले कीड, म्हणजे रस शोषून झाडाला चिकटून बसणाऱ्या किडी, हे यांचं मुख्य भक्ष्य. त्यातही एकेका जातीची निवड चोखंदळ असते. पांढऱ्या माशीवर जगणारी एन्कार्शियाची जात माव्याकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि अ‍ॅफायटिस या नावाच्या माश्या खवले किडीच्या कवचाखाली अंडं घालतात, इतर कशावर नाही.

मादीचं काम भिंगातून पाहण्यासारखं असतं. ती पानावर चालत येते, किडीच्या पाठीवर चढते आणि मिशांच्या टोकांनी ठोकत ठोकत तिला चाचपते. आकार किती, वय काय, आधी दुसरी कोणी अंडं घालून गेली आहे का, हे सगळं ती या चाचपणीतून ताडते. पसंत पडलं तर वळून पोटाच्या टोकाची सुई आत घालते आणि एक अंडं सोडते. कधी कधी अंडं न घालता ती सुईनं छिद्र पाडते, वळते आणि बाहेर आलेला रस चाटते. तिच्या पुढच्या अंड्यांना लागणारं पोषण त्यातून मिळतं, आणि ती कीड तशीच मरते. म्हणजे माशीच्या हातून मरणाऱ्या किडींची संख्या तिनं घातलेल्या अंड्यांपेक्षा जास्त असू शकते. अंडं घातलेली कीड लगेच मरत नाही. आत फुटलेली अळी तिला हळूहळू पोखरत वाढते. या अळीचं पोट मागून बंद असतं, जेवण पूर्ण होईपर्यंत ती विष्ठा टाकत नाही. टाकली तर आपलंच अन्न नासेल. शेवटी किडीची कातडी तेवढी उरते, तिच्या आत कोष होतो आणि एके दिवशी पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. पानावर उरलेलं ते गोल भोक हा तिचा पुरावा. शेतकऱ्याला माशी दिसणं कठीण, पण साध्या भिंगातून ही भोकं मोजता येतात.

या माश्यांच्या प्रजेचा हिशेब मात्र साधा नाही, आणि माझ्या मुद्द्याचा कणा तिथंच आहे. मधमाशीप्रमाणे यांच्यातही फळलेल्या अंड्यातून मादी होते आणि न फळलेल्यातून नर. इथवर ठीक. पण अ‍ॅफेलिनिडी घराण्यातल्या कित्येक जातींत मुलगी आणि मुलगा वेगवेगळ्या घरी वाढतात. मुलगी होणारं अंडं मादी पांढऱ्या माशीत किंवा खवले किडीत घालते. मुलगा होणारं अंडं मात्र आधीच परोपजीवीग्रस्त झालेल्या किडीत, आत वाढणाऱ्या माशीच्या अळीवर घालते. ती अळी अनेकदा स्वतःच्याच जातीची, मादी होऊ घातलेली असते. भाऊ बहिणीला खाऊन मोठा होतो म्हणा. कॅलिफोर्नियात स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी 1936 मध्ये हा प्रकार मांडला तेव्हा एक जुनं कोडंही सुटलं: परदेशातून आणून सोडलेल्या काही माश्या रुजत का नाहीत? नर तयार व्हायला आधी सोडलेल्या माश्यांची अळ्यांच्या अवस्थेतली पिढी तिथं असावी लागते. एकदा माश्या सोडून दिल्या आणि काम झालं, असं या जातींत होतच नाही. वस्ती सलग राहिली तरच ती पुढे चालते. दुसऱ्या टोकाला एन्कार्शिया फॉर्मोसा ही जात. हिच्यात नर जवळजवळ दिसतच नाहीत. वोल्बाकिया नावाचा जिवाणू तिच्या पेशींत राहतो आणि न फळलेल्या अंड्यातूनही मादीच जन्माला घालतो. प्रतिजैविक देऊन तो जिवाणू मारला की नर दिसू लागतात. एकाच घराण्यात इतके वेगवेगळे संसार आहेत, आणि तरीही शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या पत्रकात या सगळ्यांसाठी ‘हेक्टरी इतके सोडा’ एवढी एकच ओळ असते.

या माश्या खरंच कीड दाबून ठेवतात याला पुरावा काय, हा प्रश्न रास्त आहे. कीड कमी झाली आणि माशी रानात होती, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. कॅलिफोर्नियातले पॉल डिबॅख यांनी 1940 च्या दशकात यावर एक पद्धत काढली. तिच्यातली गंमत अशी की माशीची बाजू मांडायला त्यांनी विषालाच साक्षीला उभं केलं. खवले कीड कमी असलेल्या लिंबूवर्गीय बागेत काही झाडांवर डीडीटी फवारायचं. कवचाखालच्या खवले किडीला ते फारसं बाधत नाही, पण उघड्यावर हिंडणाऱ्या परोपजीवी माश्या मरतात. मग बघायचं. फवारलेल्या झाडांवर खवले कीड वाढत गेली आणि शेजारच्या न फवारलेल्या झाडांवर ती होती तेवढीच राहिली. जमीन तीच, ऊन तेच, पाणी तेच, फरक फक्त माशीचा. हाच प्रयोग पुढे शेतकऱ्यांनी नकळत कितीतरी मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. 1980 च्या दशकात आंध्र प्रदेशात कापसावर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं मोठ्या प्रमाणावर आली, आणि मागोमाग पांढऱ्या माशीचा उद्रेक झाला. बोंडअळीसाठी मारलेल्या औषधानं पांढऱ्या माशीच्या शत्रूंचा फडशा पाडला, हे त्यामागच्या कारणांपैकी एक. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असं.

याच डिबॅख यांचा आपल्याशी आणखी एक धागा आहे. कॅलिफोर्नियाच्या लाल खवले किडीवर उतारा शोधताना 1956-57 च्या सुमारास भारत आणि पाकिस्तानातून अ‍ॅफायटिसची एक जात तिकडे नेली गेली. डिबॅख यांनी तिचं नामकरण केलं, अ‍ॅफायटिस मेलिनस, आणि आज तिथल्या लिंबूवर्गीय बागांचा ती मोठा आधार आहे. मित्रकीटक परदेशातून भारतात येतात असा आपला समज असतो. इथं उलटी वाट होती. एन्कार्शिया फॉर्मोसाची कहाणीही सांगण्यासारखी आहे. 1926 मध्ये इंग्लंडात हर्टफर्डशायरमधल्या एका टोमॅटो उत्पादकानं पाहिलं की काचघरातल्या पांढऱ्या माशीची काही पिल्लं, जी एरवी फिकट पांढरी असतात, ती काळी पडली आहेत. त्यानं ती चेसहंटच्या संशोधन केंद्रातल्या स्पेअर यांच्या नजरेस आणली. त्या काळ्या पिल्लांतून एन्कार्शिया निघाली, आणि थोड्याच वर्षांत ते केंद्र दरवर्षी लाखांनी माश्या काचघरांना पुरवू लागलं. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची पिढी आली आणि माशी अडगळीत गेली. 1970 च्या दशकात किडी औषधांना दाद देईनाशा झाल्या तेव्हा तिला पुन्हा बोलावणं आलं. माशी तीच होती. मधल्या काळात बदलला तो माणसाचा पंपावरचा भरवसा.

आता लोकरी माव्याकडे परत येऊ, कारण सर्वांत टोकदार आक्षेप तिथंच आहे. मावा ओसरला तो हवामानानं, माश्यांनी नव्हे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली, असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. कडक उन्हाळ्यात मावा आपोआप कमी होतो, दमट हवेत वाढतो. पण उन्हाळा दरवर्षी येतो आणि पावसाळाही. हवामान हेच एकमेव कारण असतं तर दर पावसाळ्यात माव्यानं पहिल्याच जोमानं डोकं वर काढायला हवं होतं. तसं झालं नाही. पहिल्या वर्षांत आणि नंतरच्या वर्षांत ठळक फरक एकच होता: माव्याचे शत्रू आता उसात वस्तीला होते. दुसरा आक्षेप अधिक बारीक आहे: बहुतेक काम डिफा आणि मायक्रोमसनं केलं, एन्कार्शियाचा वाटा लहान. माव्याचा मोठा फुगवटा भक्षक कीटकच खाली आणतात. एक अळी दिवसाकाठी मिळेल तितका मावा खाते, तिथं एकेक अंडं घालणारी माशी कुठं पुरी पडणार? पण फुगवटा उतरल्यावर भक्षकांचं पोट भरत नाही आणि ते विरळ होतात. उरलेल्या तुरळक माव्याला हुडकून काढणं हे माशीचं खास काम. म्हणजे साथ मोडायची एकाकडे आणि ती पुन्हा उठू द्यायची नाही हे दुसरीकडे, अशी ही वाटणी आहे. श्रेय कुणाला किती, याचा वाद शास्त्रज्ञांनी घालावा. शेतकऱ्याच्या दृष्टीनं एक गोष्ट दोघांनाही सारखीच लागू आहे: उसात विष पडलं की दोघंही जातात.

वेळेचा आक्षेप याहून व्यवहारी आहे. औषध मारलं की दुसऱ्या दिवशी मेलेली कीड दिसते; माशीला अंड्यापासून माशीपर्यंत यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पीक जाईल. पहिल्याच वर्षी नवी कीड आली, तिचा एकही शत्रू परिसरात नाही, अशा वेळी हा आक्षेप बरोबर आहे. 2002 मध्ये ज्यांनी फवारलं त्यांना नावं ठेवायला मी तयार नाही. पण तो अपवाद आहे आणि आपण त्याचा नियम करून टाकला. बहुतेक वर्षी, बहुतेक किडींचे शत्रू रानात आधीच असतात, आणि तेव्हा धावण्याची शर्यत नसतेच. माशीनं सगळी कीड संपवावी अशी अपेक्षाही चुकीची. कीड पूर्ण संपली तर माशीही उपाशी मरते आणि पुढची कीड मोकळ्या रानात येते. थोडी कीड राहणं हे या पद्धतीचं अपयश नसून तिची अट आहे. ही गोष्ट गळी उतरणं अवघड जातं, कारण कृषी सेवा केंद्रात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात पान असतं, पानावर कीड असते आणि समोर फळीवर बाटली असते. थांबण्याची बाटली कुठल्याही दुकानात मिळत नाही.

याला उत्तर म्हणून कोणी ट्रायकोकार्डकडे बोट दाखवील: मिळते की बाटली, कागदावर मिळते. ट्रायकोग्रामा ही अ‍ॅफेलिनिडीच्या जवळच्या घराण्यातली, त्याहूनही लहान माशी. ती किडीच्या अंड्यातच आपलं अंडं घालते, त्यामुळे अळी जन्मालाच येत नाही. तांदळातल्या पतंगाची अंडी जाड कागदावर चिकटवतात, आतला गर्भ अतिनील किरणांनी मारतात आणि त्यांवर ट्रायकोग्रामा सोडतात. परोपजीवीग्रस्त अंडी काळी पडतात. एका कार्डावर सुमारे वीस हजार अंडी बसतात. कार्डाच्या पट्ट्या कापून उसाच्या पानाखाली टाचायच्या, आणि आठ-दहा दिवसांच्या अंतरानं हेक्टरी पन्नास हजार माश्या बसतील एवढी कार्डं पुन्हा पुन्हा लावायची. खोडकीड आणि कांडी किडीवर ही शिफारस जुनी आहे, आणि कल्पना सुंदर आहे. निकाल मात्र सगळीकडे सारखे लागत नाहीत, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा रानातच असतात. कार्ड दोन दिवस उशिरा पोचलं तर माश्या पिशवीतच बाहेर पडलेल्या असतात. भर दुपारी लावलं तर उन्हानं मरतात. खोडकिडीचा जोर फेब्रुवारी ते मेच्या तापत्या महिन्यांत, म्हणजे माशीला सर्वांत अवघड काळात असतो. मुंग्या कार्डावरची अंडी पळवतात. आणि सर्वांत नेहमीची गोष्ट म्हणजे ज्या आठवड्यात कार्ड टाचलं त्याच आठवड्यात ‘खात्री म्हणून’ फवारणी होते. मग कार्ड निकामी ठरतं आणि माशीवर खापर फुटतं. कार्ड वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. पण कार्ड ही भर आहे. मुळात काही नसलेल्या, दर पंधरवड्याला विषानं धुतल्या जाणाऱ्या रानात भर घालून काही साचत नाही.

बाहेरून कीटक आणून सोडण्याच्या धोक्याबद्दल जे बोलतात त्यांना मात्र नीट उत्तर द्यायला हवं, कारण त्यांची भीती निराधार नाही. उसाच्याच इतिहासात त्याचे दोन धडे आहेत. 1872 मध्ये जमैकातल्या उसातल्या उंदरांवर उपाय म्हणून भारतातलं मुंगूस तिकडे नेलं गेलं, आणि त्यानं उंदरांबरोबर पक्षी, सरडे, साप सगळंच खायला सुरुवात केली. 1935 मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या भुंगेऱ्यांसाठी हवाईहून शंभरेक मोठे बेडूक आणले. भुंगेरे आहेत तिथंच आहेत आणि बेडूक मात्र दूरदूर पसरले. दोन्ही प्राणी जे सापडेल ते खाणारे होते, चूक निवडीतच होती. परोपजीवी माशीचं सगळं अळीपण एका किडीच्या अंगात, तिच्या शरीराच्या घडणीशी जुळवून घेत जातं. त्यामुळे तिचं भक्ष्य ठरलेलं आणि मोजकं असतं. तरीही तपासणीशिवाय कोणतीही माशी सोडू नये, हा नियम योग्यच आहे. आणि कधी कधी माशीला कोणी आणावंही लागत नाही. 2016 मध्ये तमिळनाडूत पोल्लाचीच्या नारळावर रुगोज चक्राकार पांढरी माशी दिसली आणि पुढे किनाऱ्यानं वर सरकत कोकणापर्यंत आली. तिच्यावर एन्कार्शिया ग्वाडेलूपी ही माशी आपणहून सापडली. दुसऱ्या एका चक्राकार पांढऱ्या माशीच्या निमित्तानं ती भारतात आधीच येऊन राहिली होती. तेव्हा शास्त्रज्ञांनी नारळ बागायतदारांना दिलेला सल्ला मोठा बोलका होता: रासायनिक फवारणी करू नका, माशीला जगू द्या, आणि जिथं ती नाही तिथं परोपजीवीग्रस्त पिल्लं असलेली झावळी नेऊन बांधा. सरकारी सल्ल्यात ‘करू नका’ पहिल्या क्रमांकावर असण्याचे प्रसंग विरळाच.

गारगोटीच्या परिसराला हा सल्ला उसासाठी लागू करायचा तर परिस्थिती अनुकूल आहे. वेदगंगेच्या काठचा सलग ऊस सोडला तर हा तालुका सह्याद्रीच्या कुशीत चढत जातो: वर जंगल, मध्ये भात, बांधावर झुडपं, ओढ्याकाठी रानफुलं. प्रौढ माशीला फुलांतला मधही लागतो. नुसत्या उसात तो तिला मिळत नाही. बांध तणनाशकानं चकाचक केला की तिचं हे जेवण गेलं. तिच्यासाठी बांधावर चवळी, झेंडू, कोथिंबीर असावी ही शिफारस आता सर्रास केली जाते, आणि जुन्या बांधावर जे आपसूक उगवायचं तेही वाईट नव्हतं. पाटगाव तर याच तालुक्यात आहे, जिथं मधाचं गाव म्हणून प्रकल्प उभा राहिला. मधमाशी आणि एन्कार्शिया एकाच गणातल्या, आणि विष दोघींत फरक करत नाही. मधमाशी मेली तर पेटीशेजारी ढीग दिसतो, मधाचं उत्पन्न बुडतं आणि ओरड होते. एन्कार्शिया मेली तर कोणालाच कळत नाही. कळतं ते पुढच्या हंगामात, पानामागचा पांढरा थर वाढल्यावर, आणि तेव्हा तिची आठवण कोणाला होत नाही. पुन्हा पंपाचीच होते.

राहता राहिला पाचटाचा प्रश्न. ऊस तुटला की फडात पाचट पेटवायची सवय अजून पुरती गेलेली नाही. आग लावणाऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर खोडव्याला पाणी द्यायला रान मोकळं होतं, उंदीर कमी होतात, सरी दिसते. पण त्या वाळल्या पानांवर डिफाचे कोष असतात, मायक्रोमसची अंडी असतात, भोक पाडायच्या बेतात असलेली एन्कार्शिया असते. पाचट न जाळता सरीत दाबायचं, हे जमिनीच्या ओलाव्यासाठी आणि सेंद्रिय कर्बासाठी कृषी विद्यापीठं कित्येक वर्षं सांगत आहेत. त्यात मित्रकीटकांचं कारण जोडलं तर काडी ओढण्याआधी हात थोडा तरी थांबेल. निदान एवढं करता येईल: फड एकदम पेटवण्याऐवजी कडेच्या दोन-चार सऱ्यांचं पाचट तसंच ठेवायचं, आणि खोडवा फुटून कमरेएवढा झाला की पानं उलटी करून भिंगातून पाहायचं. मावा असेल, तर त्याच्या कातड्यांवर गोल भोकं किती आहेत ते मोजायचं. भोकं दिसत असतील तर आठ दिवसांनी पुन्हा मोजायचं, आणि ती वाढत असतील तर पंप घरातच राहू द्यायचा.